शनिवारचा चित्रवर्ग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)

अध्यक्षीणबाई, वडीलधाऱ्या आणि बरोबरीच्या सभासद भगिनींनो, आणि मागच्या सतरंजीवर बसून हे भाषण केव्हा संपते याची वाट पाहणाऱ्या माझ्या बालमित्रांनो,

कार्यकारिणीने मला चित्रवर्गाचा अहवाल वाचावयास सांगितला आहे. अहवाल म्हटला की वर्ग किती झाले, हजेरी किती होती आणि पैसे किती लागले एवढे सांगितले की भागते. तेव्हा ते आधीच सांगून मोकळी होते. मे २०२४ मध्ये वर्ग सुरू झाला, तेव्हापासून आजपर्यंत अठ्ठेचाळीस शनिवार तो भरला. पटावर एकतीस नावे आहेत. त्यांत अठरा मुले आणि तेरा मोठी माणसे. मोठ्यांपैकी बारा भगिनी आहेत आणि एक गृहस्थ, ज्यांनी आपले नाव सभेत घेऊ नये अशी सक्त ताकीद दिली आहे. खर्च झाला ६,४७० रुपये. त्यांतले ४,००० मंडळाने दिले, बाकीचे एका डब्यातून आले. त्या डब्याची हकीकत पुढे सांगते.

आता अहवाल संपला. पण मला जे सांगावयाचे आहे ते यातल्या कोणत्याच आकड्यात बसत नाही, म्हणून आणखी थोडा वेळ घेते.

तुमच्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक आहे की मी शाळेत चित्रकलेची शिक्षिका होते. एकतीस वर्षे. निवृत्त झाल्यावर दोन-तीन वर्षे घर आवरण्यात गेली. मग आपल्या मंडळाच्या बैठकीत कोणीतरी म्हणाले, की सुट्टीत मुले दिवसभर मोबाइल घेऊन बसतात, तर बाईंनी महिनाभर मुलांचा चित्रकलेचा वर्ग घ्यावा. मी आनंदाने हो म्हटले. यात नवे ते काय, असेच मला वाटत होते. खडू, कागद, फळ्यावर एक फुलदाणी. हात त्याला सरावलेला होता. वाचनालयाच्या वरची खोली मिळाली, सतरंज्या मिळाल्या, आणि बारा मुले आली.

मुलांना पोहोचवायला आलेल्या आया आणि आज्या बाहेर व्हरांड्यात बसत. घरी जाऊन परत येण्याइतका वेळ नसे, म्हणून कोणी भाजी निवडी, कोणी मोबाइल पाही. तिसऱ्या शनिवारी वळवाचा पाऊस आला. तुम्हाला आपला साताऱ्याचा वळीव माहीत आहे, दोन मिनिटांत व्हरांड्यात पाणी. सगळ्या जणी धावत आत आल्या आणि आपापल्या मुलाशेजारी बसल्या. येथून पुढे जे घडले त्याचे श्रेय मला नाही, त्या पावसाला आहे.

पाच मिनिटांत प्रत्येक पेन्सिल आईच्या हातात गेली! “अगं, डोळे असे नसतात.” “आकाश कोरे कशाला ठेवलेस?” “दे इकडे, मी दाखवते.” मुले हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसली. माझ्यापुढे शिस्तीचा प्रश्न उभा राहिला. आयांना बाहेर जा म्हणता येईना, बाहेर पाऊस होता. तेव्हा मी प्रत्येकीच्या पुढ्यात एक पाठकोरा कागद ठेवला आणि म्हटले, “तुम्ही तुमचे काढा, त्यांचे त्यांना काढू द्या.” भगिनींनो, मोठ्यांचा चित्रवर्ग म्हणून आपण ज्याचे आज कौतुक करतो तो असा निघाला, आयांचे हात मुलांच्या कागदावरून दूर ठेवण्यासाठी.

आणि मग खोलीत जी शांतता पसरली ती मी विसरणार नाही. “आम्हाला नाही हो येत.” “शाळेत होते तेव्हाच काय ते.” “आमच्याकडे त्याच्या बाबांचा हात चांगला आहे.” बँकेत रोज लाखांची उलाढाल बिनचूक करणारी आपली एक सभासद रेघ ओढायला धजेना. शेवटी तिने मुलाकडून पट्टी मागून घेतली. मोठ्या माणसाला कोऱ्या कागदाची किती भीती वाटते हे मला एकतीस वर्षांत कळले नव्हते, कारण माझ्यासमोर मोठे माणूस कधी कागद घेऊन बसलेच नव्हते.

मी मुलांतून फिरू लागले. सात वर्षांचा एक मुलगा खिडकीशी बसला होता. त्याने कागदाच्या मधोमध एक लांब आडवी रेघ काढली होती, दोन्ही टोकांना तिरप्या रेघा खाली आणल्या होत्या, आणि वर एक काडी उभी केली होती. मी वाकून विचारले, “हे काय रे?” तो म्हणाला, “डोंगर.” मी हसले. “अरे, डोंगराला टोक असते,” असे म्हणून त्याच्या हातातली पेन्सिल घेतली आणि त्या आडव्या रेघेवर दोन सुबक शिखरे काढून दिली. सवयीने दोहोंच्या मध्ये अर्धा सूर्यही काढला. मुलगा काही बोलला नाही.

त्याच्या मागे एक आजी बसल्या होत्या. नातीबरोबर आलेल्या, वय चौऱ्याहत्तर. त्या हळूच म्हणाल्या, “बाई, तो खिडकीतून बघून काढत होता.”

मी खिडकीतून पाहिले. आपल्या त्या खोलीची खिडकी दक्षिणेला आहे, तिच्यातून अजिंक्यतारा समोर दिसतो. पाऊस थांबून किल्ला धुतल्यासारखा स्वच्छ झाला होता. लांबच लांब सपाट माथा, दोन्ही बाजूंनी उतरते कडे, आणि वर दूरदर्शनचा मनोरा. त्या मुलाच्या कागदावर होते तसेच.

मी जन्मभर या गावात राहिले आहे. रोज सकाळी दार उघडते तेव्हा तो किल्ला पाहते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तापलेल्या लाव्ह्याचे थरावर थर पसरून आपला सह्याद्री घडला, म्हणून आपल्याकडच्या डोंगरांचे माथे सपाट असतात, आणि सपाट असतात म्हणून तर त्यांवर गड बांधता आले, हेसुद्धा मी भूगोलाच्या बाई रजेवर असताना वर्गात सांगितलेले आहे. आणि तरी डोंगर म्हटला की माझा हात त्रिकोणच काढतो. शिवाय त्या खिडकीतून दिसणाऱ्या किल्ल्यामागून सूर्य काही उगवत नाही. दक्षिणेला सूर्य उगवेल कसा?

त्या दिवशी वर्ग संपल्यावर मी सगळे कागद गोळा केले. सतरा होते. चौदांवर दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये सूर्य, चार आकड्यासारखे पक्षी, खाली वळणाची नदी, काठी एक झोपडी आणि एक नारळाचे झाड. मुलांचे तसे होते आणि आयांचेही तसेच होते. पस्तीस-चाळीस वर्षांच्या बायकांनी डोळे मिटून काढावे तसे एकासारखे एक. मी मोठ्याने हसले, आणि मग माझे हसू मावळले. कारण त्या आयांपैकी तीन जणी माझ्याच विद्यार्थिनी होत्या. तो नारळ मीच त्यांना शिकवला होता.

पुढच्या शनिवारी तो मुलगा आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी त्याच्या घरी गेले. त्याची आई फार भली, तिने चहा केला, म्हणाली, “त्याला कंटाळा आला हो, मुलांचे काय, आज एक तर उद्या दुसरे.” मुलगा दाराआडून पाहत होता. मी त्याला म्हटले, “तुझा किल्ला बरोबर होता, माझे चुकले.” बाईमाणसाने, तेही मास्तरीणबाईने, असे म्हटलेले त्याने बहुधा कधी ऐकले नसावे. तो आत पळाला. श्रावणात तो धाकट्या बहिणीला घेऊन पुन्हा येऊ लागला, आता नियमाने येतो. तो एस.टी.च्या गाड्या काढतो, फार सुरेख काढतो, चाकांचे नटसुद्धा मोजून. किल्ला मात्र त्याने पुन्हा काढलेला नाही. मी सुचवीत नाही.

ए.टी.डी.च्या अभ्यासात आम्हाला फ्रान्झ सिझेक या व्हिएन्नाच्या गृहस्थाविषयी एक टिपण असे. १८९७ साली त्याने तेथे मुलांसाठी कलेचा वर्ग काढला आणि मुलांना मोठ्यांची नक्कल करावयास न लावता त्यांचे त्यांना काढू द्यावे असा आग्रह धरला. पाच गुणांसाठी मी ते पाठ केले आणि पाच गुण मिळाल्यावर विसरले.

तेव्हापासून वर्गाचा एकच नियम आहे, दारावर लावलेला तुम्ही पाहिला असेल: दुसऱ्याच्या कागदाला हात लावू नये. तो मुलांसाठी आहे असे पाहुण्यांना वाटते. तो माझ्यासाठी आहे.

सुट्टी संपली तरी वर्ग चालू राहिला, कारण आया सोडीनात. मग व्यवहाराचे प्रश्न आले. आरंभी आपण महिना शंभर रुपये फी ठेवली होती. जून महिन्यात एका सभासदाकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी नातीला घेऊन आल्या. नातीची फी त्यांनी दिली आणि स्वतः दाराबाहेर पायरीवर बसल्या. आत या म्हटले तर “मी कशाला, मी आपली हितंच बरी.” मला कळले की दोघींची फी म्हणजे दोनशे रुपये, आणि तो आकडा त्या पायरीवर बसण्यामागे आहे. दुसरेही काही असेल, ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, त्याविषयी येथे लांबण लावीत नाही. कार्यकारिणीत चर्चा झाली. काही भगिनींचे म्हणणे, फुकट दिले की किंमत राहत नाही. हे म्हणणे अगदीच खोटे नाही, मीही ते पूर्वी पुष्कळदा म्हटले आहे. शेवटी फी बंद करून दाराशी एक पत्र्याचा डबा ठेवला, झाकणाला चीर पाडून. ज्याला जे टाकायचे ते टाकावे, कोणी पाहू नये. त्या डब्यात २,४७० रुपये जमले, शिवाय एक परदेशी नाणे आणि ‘रंग संपले आहेत’ अशी मुलाच्या अक्षरातली चिठ्ठी.

डबा ठेवल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मावशी आत आल्या. कागद नको म्हणाल्या. “एवढ्याशा कागदावर काय मावतंय?” बेंदूर जवळ आला होता. त्यांचे माहेर माण तालुक्यातले. त्या म्हणाल्या, “आमच्यात बेंदराला मातीची बैलं करत्यात, ती येत्यात मला.” मी उत्साहाने शाडू आणते म्हटले. त्यांनी मान हलवली. शाडू नको, ओढ्याकाठची चिकण माती पाहिजे. ती त्यांनी स्वतः आणली, कुटली, चाळली, भिजवून रात्रभर झाकून ठेवली. शनिवारी अठरा मुले आणि नऊ बायका त्यांच्याभोवती बसल्या. बैलाचे वशिंड अंगठ्याच्या एका दाबाने कसे उठते ते मी त्या दिवशी प्रथम पाहिले. मी शाळेत मातीकाम शिकवले आहे, पण माझ्या बैलाला ते वशिंड डिंकाने चिकटवल्यासारखे दिसे. त्या दिवशी मी विद्यार्थ्यांत बसले होते. मावशींनी माझा बैल हातात घेऊन पाहिला, मोडला आणि म्हणाल्या, “पुन्यांदा करा.” दारावरचा नियम त्यांना वाचता येत नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले.

एका भगिनीने मला विचारले होते, “पण याला आपण चित्रकला म्हणायचे का? हे तर त्या सणावारी करतातच.” प्रश्न चांगला आहे. डहाणू-तलासरीकडच्या वारली बायका लग्नात भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढीत आल्या आहेत. मध्ये पालघट देवी, भोवती नक्षी. सवाशिणींनी काढायचा आणि लग्न झाले की त्याचे काम संपले. त्याला कोणी चित्रकला म्हणत नव्हते, त्यासुद्धा म्हणत नव्हत्या. भास्कर कुलकर्णी नावाचे आपले एक मराठी चित्रकार होते. बिहारात १९६६-६७ साली दुष्काळ पडला तेव्हा अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी त्यांना मधुबनीकडे पाठवले, आणि तेथल्या भिंतींवर चित्रे काढणाऱ्या बायकांना त्यांनी कागद दिला. त्यांच्यातल्या जगदंबा देवींना पुढे १९७५ साली पद्मश्री मिळाली. हेच कुलकर्णी मग वारल्यांकडेही गेले. तेथे जिव्या सोमा मशे नावाचा पुरुष सणवार नसतानाही चित्रे काढीत बसे. त्याला २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली तो वारला. मला यात गंमत ही वाटते की पिढ्यान् पिढ्या काढीत आल्या त्या बाया, आणि वारली चित्रकार म्हणून आपल्याला पहिले नाव आठवते ते एका पुरुषाचे. त्याची योग्यता मी कमी करीत नाही, त्याची चित्रे पाहताना डोळ्यांचे पारणे फिटते. पण विचारणाऱ्या भगिनीला माझे उत्तर एवढेच, की कागद कोणाच्या पुढ्यात ठेवला जातो यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

रंगांची एक हकीकत मुलांच्या आग्रहाखातर सांगते, नाहीतर ती मला खाली उतरू देणार नाहीत. डब्यात ती चिठ्ठी सापडली तेव्हा पैसे खरोखरच संपले होते. म्हणून आम्ही स्वयंपाकघरात शोध घेतला. गेरू, कोळसा, हळद, चुना, बाभळीचा डिंक. हळदीत चुन्याची निवळी घातल्याबरोबर ती लाल होते हे कुंकू करणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे, पण मुलांनी ते पाहिले तेव्हा जो ओरडा झाला तो खालच्या वाचनालयातल्या वाचकांनी आपल्याकडे लेखी कळवला आहे. डिंकाच्या पाण्यात कालवून चित्रे रंगवली आणि गणपतीनंतर खिडकीसमोरच्या भिंतीवर लावली. दिवाळीला पाहतो तर सूर्यफुले पांढरी! गेरूची माती होती तशीच तांबडी, कोळसा काळा, आणि हळद कोठे नाहीशी झालेली. एक मुलगी रडू लागली. मग आम्ही हळदीचा एक पट्टा ओढून त्याचा अर्धा भाग वर्तमानपत्राने झाकला आणि उन्हात ठेवला. आठ दिवसांनी झाकलेला भाग पिवळा, उघडा फिका. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, गेरू म्हणजे लोखंडाचा गंज असलेली माती, तिला ऊन काही करीत नाही. हे मुलांना आता माझ्यापेक्षा पक्के माहीत आहे. रडणाऱ्या मुलीने आपली सूर्यफुले पुन्हा रंगवली नाहीत. खाली ‘उन्हाने खाल्ली’ असे लिहून तशीच ठेवली.

नोव्हेंबर महिन्यात आपली सहल औंधला गेली. औंधच्या संस्थानिकांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, १९३८ साली यमाईच्या डोंगरावर बांधलेले संग्रहालय आपल्या जिल्ह्यात आहे आणि आपल्यापैकी निम्म्या जणी देवीला जाऊनही ते न पाहता परत आल्या आहेत, मी त्यांत होते. हे राजे स्वतः चित्रकार होते, त्यांचे चित्ररामायण १९१६ साली छापले गेले. तेथे रविवर्म्याची मूळ तैलचित्रे आहेत. छापील चित्रांत आपण आजोळी पाहिलेले रविवर्मा वेगळे आणि ते जवळून पाहिलेले वेगळे, पदराची जर रंगाच्या बारीक ठिपक्यांनी उठवलेली. बायका तेथून हलेनात, मुले मात्र पुढे पळाली आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या दगडी आई-मुलापाशी थांबली. “हे पुरे करायचे राहिले का?” असे एकाने मला विचारले. मी आधुनिक शिल्पकलेवर उत्तर जुळवीत होते, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, “पुरं हाय की. आई हाय ती. बघ, पोराला धरलंय.” माझे उत्तर मी गिळले.

आता परीक्षेविषयी. पालक मला दर आठवड्याला विचारतात, एलिमेंटरीला बसवणार का? इंटरमिजिएट झाली की दहावीला वाढीव गुण मिळतात. कार्यकारिणीतही सूचना आली आहे, की वर्गाचे रूपांतर परीक्षेच्या तयारीच्या वर्गात करावे, म्हणजे त्याला काही निष्पत्ती दिसेल. मी परीक्षेच्या विरुद्ध नाही. माझ्या हाताला जी काही शिस्त आहे ती त्या परीक्षांनी दिली, आणि पोटही मी त्यावरच भरले. ज्या मुलांना बसायचे आहे त्यांना मी बुधवारी वेगळे शिकवीन, वस्तुचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन, सारे काही नियमाप्रमाणे. पण शनिवार तसाच राहू द्यावा. बक्षिसांविषयीही माझी हीच विनंती आहे. आपल्या मंडळाला बक्षिसे वाटण्याची हौस आहे हे मी जाणते, माझ्या घरी मंडळाचे सात स्टीलचे डबे आहेत. परंतु शनिवारी पहिला नंबर काढायचा झाला तर तो कोणाचा काढावा हे मला समजत नाही. का समजत नाही ते सांगते आणि संपवते.

ज्या आजींनी मला खिडकीकडे पाहावयास लावले, त्या वर्षभर बहुतेक शनिवारी आल्या. आरंभी त्या काही काढीत नसत, नातीचे खडू टोकदार करून देत. सप्टेंबर महिन्यात एकदा त्यांनी कागद मागितला आणि मध्यभागी एक देऊळ काढले. मग देवळाभोवती घरे. त्यांचे गाव जावळी तालुक्यात होते. साठ सालानंतर कोयनेच्या धरणाचे पाणी चढले आणि ते गाव शिवसागरात गेले. तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. गावातली माणसे ठाणे, रायगड, सांगली, सोलापूर अशी जिल्ह्याजिल्ह्यांत विखुरली. त्या गावाचा एकही फोटो त्यांच्याकडे नाही. तेव्हा कोणाकडे कॅमेरा होता?

त्यांनी घरे काढली ती सगळी पाठीवर निजलेली. देवळाच्या एका बाजूची घरे वर डोके करून, दुसऱ्या बाजूची खाली डोके करून, ओढ्याकडची आडवी. जणू आकाशातून पाहून भोवती उलगडून ठेवली आहेत. चित्र पाहायचे तर त्याच्याभोवती फिरावे लागते, आणि काढताना त्या स्वतः सतरंजीवर सरकत कागदाभोवती फिरत होत्या. भगिनींनो, मी एकतीस वर्षे यथार्थदर्शन शिकवलेली बाई. क्षितिजरेषा कोठे, लोपबिंदू कोठे, जवळचे मोठे आणि दूरचे लहान. माझा हात शिवशिवू लागला. मी तो पदराखाली घेतला आणि दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले.

नात विचारू लागली, हे घर कोणाचे, हे कोणाचे. आजी सांगू लागल्या. तेवढ्यात त्यांचा मुलगा दोघींना न्यायला आला. पन्नाशीचा गृहस्थ, नोकरीतून दमून आलेला. तो दारातूनच “चला” म्हणाला, मग आत आला, चपला काढून खाली बसला. “आई, आपले कोणते?” आजींनी बोट ठेवले. “आणि हे काय?” “हिरडा. अंगणात होता.” त्याला पन्नास वर्षांत हे कोणी सांगितले नव्हते. त्याने विचारले, “विहीर कुठे होती?” आजींनी खडू उचलला, आणि तो तसाच हवेत राहिला. त्यांना आठवेना. देवळाच्या पूर्वेला की ओढ्याच्या बाजूला? दहा वर्षांच्या होईपर्यंत रोज त्या विहिरीचे पाणी भरलेले. त्या किती वेळ तशाच बसल्या, मला वाटले आता रडतील. त्या रडल्या नाहीत, चिडल्या. मुलाला म्हणाल्या, “लाव फोन मावशीला.”

धाकटी बहीण ठाणे जिल्ह्यात असते. तिने विहीर पूर्वेला सांगितली. मग दोघींचे भांडण झाले, कारण ती त्या वेळी सहा वर्षांची, तिला काय आठवणार? चित्राचा फोटो व्हॉट्सॲपवर गेला. तेथून तो त्यांच्या गावच्या आणखी चार घरांकडे गेला, जी कोणत्या जिल्ह्यात आहेत हे आजींना साठ वर्षांत माहीत नव्हते. उत्तरे येऊ लागली. आमचे घर राहिले. सुताराचे दार इकडे होते. शाळेपुढे आंबा होता, तो कोणी काढला नाही. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी आपल्या हाताने एका तुकड्यावर वाट काढून, तिचा फोटो घेऊन पाठवला. ते चित्र आता एका कागदाचे राहिलेले नाही. चार कागद जोडले आहेत. मुलगा दर शनिवारी अर्धा तास आधी येतो. तो स्वतः काढीत नाही, तो नावे लिहितो. पटावरचे ते एक गृहस्थ कोण हे आता तुम्ही ओळखले असेल. त्यांची मी क्षमा मागते.

आपल्या अध्यक्षीणबाईंची इच्छा होती की ते चित्र काचेत मढवून आज या सभागृहात लावावे. ते मढवलेले नाही, म्हणून व्यासपीठाच्या उजव्या भिंतीवर टाचण्यांनी लावले आहे. कार्यक्रम संपल्यावर सर्वांनी जवळ जाऊन पाहावे, मात्र मुलांनी उजवीकडच्या कोपऱ्याला हात लावू नये, तेथला खडू ओला केलेला आहे. काल रात्री सोलापूरहून फोन आला. पूर्वेला विहिरीच्या पलीकडे आणखी तीन घरे होती म्हणतात, आणि एक पिंपळ. उद्या शनिवार. त्या बाजूला पाचवा कागद जोडायचा आहे आणि आपला डिंक संपला आहे. कोणाच्या घरी असेल तर त्यांनी येताना घेऊन यावा.